चढावरची वीस मिनिटं

तळहातावर घेतल्यावर ती वस्तू इतकी क्षुल्लक दिसली, की तिच्यापायी अख्खी सकाळ घातल्याची त्याला थोडी लाजच वाटली — अंगठ्याच्या पेराएवढी, काळ्या प्लॅस्टिकची, एका टोकाला नळीत बसणारं तोंड, दुसऱ्या टोकाला बारीक जाळी, आणि जाळीच्या आत कधीकाळी पांढरा असलेला, आता तेल आणि धूळ पिऊन घट्ट झालेला स्पंजचा तुकडा. त्याने ती ओठांत धरून फुंकली. गाल फुगले, कानांत दडे बसले, वारा काही पलीकडे गेला नाही. मग पुडीतली नवी काढून फुंकली. श्वास विनातक्रार निघून गेला — इतका सहज, की आपण फुंकलं की नुसताच उसासा टाकला, हेही कळू नये.

पुन्हा जुनी. पुन्हा नवी. सत्तावन्न वर्षांचा माणूस रविवारी सकाळी पत्र्याच्या शेडमध्ये उभा राहून, पिपाणी वाजवावी तसे प्लॅस्टिकचे तुकडे फुंकतोय, हे कुणी पाहिलं असतं तर... पण पाहणार कोण.

गाडी समोर बॉनेट उघडून उभी होती, दातांच्या डॉक्टरपुढे आ करून बसलेल्या माणसासारखी. बारा जणांची, पांढरी, डिझेलची. त्याची नव्हे, डायलिसिस केंद्राची. पण अकरा वर्षं तिच्या चाकावर दुसऱ्या कुणाचा हात पडला नव्हता. सकाळी पेशंटांना घरोघरून उचलायचं, चढ चढून टेकडीवरच्या केंद्रात सोडायचं, आणि चार-पाच तासांनी पिळून काढलेल्या कपड्यासारखे झालेले तेच लोक पुन्हा ज्याच्या त्याच्या दारात उतरवायचे. रविवारी केंद्र बंद. रविवारी गाडी त्याच्याकडे आणि तो गाडीकडे.

फिल्टर म्हटल्यावर त्याला इतकी वर्षं तीनच ठाऊक होते — हवेचा, तेलाचा, डिझेलचा. हा चौथा कुठून उपटला, हे समजायला त्याला तीन आठवडे लागले होते. टर्बोचं ढोबळ गणित माहीत होतं: बाहेर पडणाऱ्या धुराच्या जोरावर एक पंखा फिरतो, तो दुसऱ्याला फिरवतो, दुसरा इंजिनात जास्तीची हवा कोंबतो, हवा जास्त, म्हणून ओढ जास्त. पण ही ओढ कमीजास्त करायला एक बारीक दांडी असते, ती एका डबीतल्या व्हॅक्यूमने खेचली जाते, आणि खेचलेली दांडी सोडायची झाली की त्या डबीत बाहेरची हवा शिरावी लागते. ती हवा ज्या वाटेने येते त्या वाटेच्या तोंडाशी ही जाळी. जाळी तुंबली की हवा येत नाही. हवा आली नाही की दांडी वेळेवर सुटत नाही. नको तेव्हाही टर्बो हवा कोंबत राहतो. आणि मग गाडीतला कॉम्प्युटर घाबरतो — पुस्तकात 'घाबरतो' असं नव्हतं अर्थात — आणि इंजिन वाचवायला सगळाच जोर काढून घेतो. पिवळा दिवा लागतो. सपाटीवर गाडी चालते. चढावर जीव टाकते.

पुस्तक बाकावरच पडलं होतं, निळ्या कापडी पुठ्ठ्यात. गाडीबरोबर आलेलं जाडजूड माहितीपुस्तक. पानं सुटून त्याची गड्डी झाली होती आणि ती समोरच्या कप्प्यात कोंबलेली असायची. पुढच्या सीटवर बसणाऱ्या पेशंटाने, बाइंडरकाकांनी, ती एकदा मांडीवर घेतली आणि चढ संपेपर्यंत पानं जुळवत बसले. ''कप्तान, हे मी घेऊन जातो,'' म्हणाले. ''पुस्तकाची अशी आबाळ बघवत नाही मला.'' आयुष्यभर पुस्तकं बांधली होती त्यांनी. दुकान बंद झालं, मूत्रपिंडं बंद झाली, पण बोटं काही स्वस्थ बसत नव्हती. पंधरा दिवसांनी हे निळं पुस्तक घेऊन गाडीत चढले. शिवण इतकी पक्की की उघडताना करकर वाजायची. ''आता वाच,'' म्हणाले.

वाचतो, तो म्हणाला. आणि त्याने ते कप्प्यात ठेवलं.

आठ महिने ठेवलं. दिवा आठ महिने लागत होता. आधी आठवड्यातून एकदा, मग चढावर हटकून. केंद्राच्या कार्यालयात सांगितलं, कागदावर लिहून दिलं. गॅरेजवाल्याने टर्बोच गेलाय म्हणून निदान केलं. कार्यालयाने बघू म्हटलं. सगळं रीतसर झालं होतं. त्याच्याकडे बोट दाखवायला कुणालाच जागा नव्हती, आणि तेच... तेच त्याला रात्रंदिवस टोचत होतं. कारण ते पान दोनशे चौदावं होतं. काका गेल्यावर चौथ्या दिवशी, काहीच सुचेना म्हणून त्याने पुस्तक उघडलं, आणि दोनशे चौदाव्या पानावर चित्रासकट लिहिलं होतं: ओढ कमी वाटल्यास प्रथम हा फिल्टर तपासा.

प्रथम.

फोन वाजला. रविवारी साडेदहाला वाजतोच. त्याने फडक्याला हात पुसून तो उचलला.

''काय करताय?'' बायकोने विचारलं. मागे नातवाचं काहीतरी आपटणं चालू होतं.

''गाडीचं काम.''

''बरं. जेवणाचं काय?''

''करीन काहीतरी.''

''बरं... हा बघा, आजोबांशी बोल म्हटलं तर पळाला. ठेवू मग?''

''ठेव.''

लेकीचं बाळंतपण म्हणून ती तीन महिन्यांसाठी गेली होती. त्याला आता दोन वर्षं झाली. भांडण नाही, तंटा नाही. लेकीची नोकरी, जावयाची फिरती, नातवाचं आजारपण — एकेक कारण खरंच होतं. पाण्याची घागर पाझरत पाझरत रिकामी व्हावी तसं घर रिकामं झालं होतं. आवाज म्हणून कसला झाला नव्हता. सांगायचं होतं तिला. एक माणूस माझ्या शेजारी चार वर्षं बसत होता आणि तो गेला, एवढं तरी. पण फोनवर 'बरं'च्या पलीकडे वाक्य जात नसे, आणि हे सांगायला सुरुवात कुठून करायची? 'पेशंट गेला' म्हटलं तर ती 'अरेरे' म्हणाली असती. पेशंट तर अकरा वर्षांत किती गेले. यादीतलं नाव खोडलं जातं, त्या गल्लीत वळण्याचं बंद होतं, दुसरी गल्ली सुरू होते.

तो बॉनेटखाली वाकला. हा फिल्टर ज्या झडपेला जोडलेला होता ती सापडायलाच त्याला मागच्या रविवारची दुपार लागली होती — इंजिनाच्या मागे, भिंतीशी अंग चोरून बसलेली. तिला तीन तोंडं. एकातून व्हॅक्यूम येतो, दुसऱ्यातून दांडीच्या डबीकडे जातो, आणि तिसरं नुसतं बाहेरच्या हवेसाठी. तिसऱ्यावरची बोटभर नळी वर्षानुवर्षांच्या उष्णतेने लाकडासारखी झाली होती. पक्कड लावू नका, असं पार्टच्या दुकानातल्या बाईंनी बजावून सांगितलं होतं. तोंड मोडलं की झडप गेली. ''पण एवढ्यासाठी कुणी येत नाही हो,'' चष्म्यावरून बघत त्या म्हणाल्या होत्या. ''सगळे थेट टर्बोच बदलून घेतात. डोकं दुखलं की डोकंच बदला.'' त्या हसल्या, आणि तोही शिष्टाचार म्हणून हसला.

जुना फिल्टर काढताना त्याने गरम पाण्यात बुडवलेलं फडकं नळीभोवती गुंडाळून ठेवलं होतं, मग आधी पीळ, मग ओढ. आता नळीचं तडकलेलं टोक ब्लेडने नखभर कापलं, नवा फिल्टर तोंडाशी धरला आणि दाबला. तो शेवटपर्यंत जाऊन बसला. किती वेळ लागला? दहा मिनिटं? इतक्या वेळात तर चहासुद्धा...

गाडी सुरू करून तो पुढे आला. दांडी आत खेचली गेलेली होती. बंद केली, दांडी ताबडतोब बाहेर आली. आधी ती अशी येत नव्हती. आधी ती मनाविरुद्ध उठवलेल्या माणसासारखी, रेंगाळत रेंगाळत यायची. हे त्याने पुन्हा सहा वेळा करून पाहिलं. पुढे होऊन बघणं, मागे जाऊन किल्ली फिरवणं. किल्ली.

गॅरेजवाल्याने हे सहज सांगितलं होतं. काका गेल्यावरच्या सोमवारी, दुसऱ्याच कुणाचं चाक खोलता खोलता. ''अशी अडकली ना चढावर, की जागच्या जागी किल्ली बंद करायची, दहा आकडे मोजायचे, परत चालू करायची. कॉम्प्युटर विसरतो सगळं. वरपर्यंत निघते मग.'' त्याला काय माहीत कुणाला काय सांगतोय ते.

त्या शुक्रवारी काका गाडीत चढतानाच धापा टाकत होते. बुधवारी ते आलेच नव्हते. सून दारात येऊन 'आज नको' म्हणाली होती, आणि शुक्रवारी तिनेच त्यांना धरून पुढच्या सीटवर बसवलं. पाय सुजून चपलेच्या पट्ट्यात मावत नव्हते. चढाच्या पहिल्या वळणावर दिवा लागला. दुसऱ्या गिअरमध्ये, मग पहिल्या. मागे धुराचा काळा लोट, त्याच्या मागे हॉर्न. सहा मिनिटांचा चढ; वीस मिनिटं झाली. गाडी थांबवावी असं त्याच्या मनात एकदा आलं होतं. पण थांबवली आणि परत चालूच झाली नाही तर — ह्या भीतीने त्याने किल्लीला हात लावला नाही. काका काचेला डोकं टेकून होते. त्यांचा श्वास इंजिनाच्या आवाजातही ऐकू येत होता. मध्येच म्हणाले, ''कप्तान, घाई नाही.'' नंतर बोलले नाहीत. शनिवारी सकाळी गेले.

डॉक्टरांना त्याने जिन्यात गाठून विचारलं होतं. त्यांनी त्याच्या खांद्यावर हात ठेवला. ''वीस मिनिटांनी काही झालं नसतं हो. छातीत पाणी आधीच भरलं होतं. बुधवार चुकला ना त्यांचा, तिथंच सगळं बिघडलं.'' हे वाक्य त्याला शब्दशः पाठ होतं. तीन आठवडे तो ते औषधासारखं घेत होता, आणि औषध पोटात ठरत नव्हतं.

हात धुऊन त्याने गाडी बाहेर काढली. फिल्टर बदलला म्हणजे चढावर तपासून पाहायलाच हवं. उद्या माणसं बसवायची होती. एवढंच कारण होतं. पण पहिलं वळण जवळ येऊ लागलं तसं त्याच्या लक्षात आलं, की आपण गाडी चढू नये म्हणून... हो, मनातल्या मनात धावाच करतोय. न चढली तर दोष टर्बोचा. न चढली तर गॅरेजवाला बरोबर होता, कार्यालय चूक होतं, आणि दोनशे चौदावं पान एक साधं पान होतं.

गाडी चढली. तिसऱ्या गिअरमध्ये, एकदाही न कुरकुरता. वर केंद्राच्या बंद फाटकासमोर त्याने घड्याळ पाहिलं. पाच मिनिटं आणि वर काही सेकंद.

उतरताना तो कसलाही विचार करत नव्हता, निदान त्याला तसं वाटत होतं. पायथ्याशी हातांनी आपण होऊन चाक डावीकडे वळवलं, सोमवार-बुधवार-शुक्रवारच्या सवयीने, आणि गाडी बाइंडरकाकांच्या दारात जाऊन उभी राहिली. आता सरळ निघून जाता आलं असतं. पण खिडकीतला पडदा हलला होता.

सुनेने दार उघडलं. केस घाईघाईने बांधलेले, हातात पेन. तिने त्याला ओळखायला क्षणभर वेळ घेतला. गाडीबाहेर त्याला तिने कधी पाहिलंच नव्हतं.

''गाडीवाले ना तुम्ही?''

''हो. जरा... काकांच्या बाबतीत सांगायचं होतं.''

''या ना.''

खोली लहान होती. कोपऱ्यात काकांचा शिकंजा होता, पुस्तकं दाबून ठेवायचा लोखंडी, आणि त्यावर आता इस्त्रीचे कपडे. टेबलावर एक छापील पत्र आणि कोरा कागद. तो खुर्चीच्या कडेवर बसला. चार वर्षं ज्याच्याशी आठवड्यातून तीनदा बोललो त्याच्या घरात आपण पहिल्यांदाच आलोय, हे त्याला तेव्हा कळलं. आपल्या लेकीचं बाळंतपण, नातवाचा पहिला शब्द, बायकोचं लांबत गेलेलं येणं — सगळं त्या माणसाला ठाऊक होतं. ह्या घराला आपण एक हॉर्न होतो. दोनदा वाजणारा.

''हे परगावी असतात,'' ती म्हणाली. ''दिवसकार्याला आले आणि लगेच गेले. त्यामुळे... त्या दिवशी गाडीत बाबा काही बोलले का? तेवढं मला विचारायचं होतं कुणाला तरी.''

''घाई नाही, म्हणाले.''

''घाई नाही?''

''मला म्हणाले. गाडी चढत नव्हती.''

आणि मग त्याने सांगितलं. दिवा, आठ महिने, तुंबलेली जाळी, दोनशे चौदावं पान, न फिरवलेली किल्ली. खालमानेने, तक्रारवहीत लिहावं तसं. सांगून झाल्यावर त्याने वर पाहिलं, तर ती त्याच्याकडे नव्हे, टेबलावरच्या पत्राकडे बघत होती.

''बुधवारी माझी मुलाखत होती,'' ती म्हणाली. ''नोकरीसाठी. डायलिसिसहून आले की त्यांना धरून चालवावं लागतं. घरी कुणीतरी हवं. मी विचारलं, एक दिवस चुकला तर चालेल ना बाबा? ते म्हणाले, न चालायला काय झालं, जा तू.'' तिने टेबलावरचं पत्र बोटाने पुढे सरकवलं. ''नोकरी मिळाली. उद्यापर्यंत कळवायचंय. सकाळपासून तिसरा कागद हा. नाही म्हणून लिहायचं तर कारण काय लिहू?''

बुधवार चुकला ना त्यांचा, तिथंच सगळं बिघडलं. वाक्य जिभेच्या टोकाशी येऊन बसलं होतं, डॉक्टरांच्या आवाजासकट.

''पण तुम्ही म्हणता वीस मिनिटं...'' ती सावकाश, शब्द चाचपत म्हणाली. ''म्हणजे वेळेत पोचले असते तर... म्हणजे गाडीमुळे उशीर झाला.''

तिने विचारलं नव्हतं, पण ती उत्तराची वाट बघत होती. तिच्या कपाळावरची शीर त्याला दिसत होती. ह्या पोरीला डॉक्टर जिन्यात भेटले नव्हते, किंवा भेटूनही त्यांनी तिला ते सांगितलं नव्हतं. सांगणारा जगात एकटा मी, असं त्याच्या मनात आलं, आणि त्या एकटेपणाची त्याला पहिल्यांदाच भीती न वाटता...

''हो,'' तो म्हणाला. ''गाडीमुळे.''

ती उठली. खिडकीपर्यंत गेली. बाहेर गाडी उभी होती ती तिने पाहिली.

''दिवा लागत होता आठ महिने?''

''हो.''

''आणि तरी तुम्ही माणसं नेत होतात? आजारी माणसं?''

''हो.''

''पुस्तक बाबांनी बांधून दिलं होतं. दोन-दोन तास बसायचे. पाठ दुखायची त्यांची. मी ओरडायचे, कशाला करता. तर म्हणायचे, कप्तान वाचणार आहे.'' तिचा आवाज चढत गेला. ''तुम्ही उघडूनसुद्धा बघितलं नाहीत?''

''नाही.''

''मग आता कशाला आलात? मला सांगून मोकळं व्हायला?''

मोकळं व्हायलाच तो आला होता, पण ते आता खरं राहिलं नव्हतं. ती बोलत राहिली — गाडीतल्या बाकीच्यांबद्दल, कार्यालयाबद्दल, अर्ज करीन म्हणाली, करायलाच हवा म्हणाली — आणि तिच्या पाठीचा कणा ताठ होत गेलेला त्याने पाहिला. आल्यापासून पहिल्यांदाच ती ह्या घरात राहणाऱ्या बाईसारखी दिसत होती. शेवटी ती दमली. ''तुम्ही जा आता,'' म्हणाली. दार त्याच्यामागे लागलं. आपटलं नाही, पण हळूही लागलं नाही.

गाडीत बसून त्याने काच खाली घेतली. उन्हाने सीट तापली होती. गल्लीत कुणीतरी चटई झटकत होतं, एक सायकल गेली. आपण काय करून बसलो, हे तो नीट मांडू पाहत होता आणि ते मांडलं जात नव्हतं. खोटं बोललो? वीस मिनिटं तर खरीच होती. खरं बोललो? मग जिन्यातलं वाक्य गिळलं ते काय होतं? तिच्यासाठी गिळलं — असं म्हणता आलं असतं तर बरं वाटलं असतं. पण ती ओरडत होती तेव्हा त्याच्या छातीत जे हललं होतं ते परोपकाराचं समाधान नव्हतं, ते दुसरंच काही होतं, ओळखीचं, फार जुनं. दाराच्या चौकटीला तेलाचा हात लावला की बायको अशीच भडकायची. किती वेळा सांगायचं तुम्हाला, म्हणायची, आणि तो मुद्दाम उत्तर द्यायचा नाही, म्हणजे ती अजून थोडं बोलेल. दोन वर्षांत त्याच्यावर कुणी रागावलं नव्हतं. डॉक्टरांनी खांद्यावर हात ठेवला होता, कार्यालयाने समजूत घातली होती, लेक काळजी घ्या म्हणत होती. सगळे इतके चांगले वागले होते की त्याला कुठे टेकायलाच जागा उरली नव्हती.

आणि आता ह्या भिंतीपलीकडे एक बाई त्याच्यावर संतापून बसली होती. कदाचित अर्ज लिहीत असेल. कदाचित दुसरं पत्र. उद्या, परवा, वर्षभराने, भाजी चिरता चिरता तिला तो आठवेल आणि तिचे ओठ आवळले जातील. ह्या कल्पनेने आपल्याला लाज वाटायला हवी, असं त्याला वाटलं. लाज होतीही. पण तिच्या शेजारी, अंग चोरून, ऊब म्हणावी असं काहीतरी बसलं होतं, आणि त्याला तिथून उठवावं की बसू द्यावं, हे त्याला ठरवता येत नव्हतं.